नोबेलचे पैसे संपत का नाहीत?

मॅडम, तुमचं पत्र लांब आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी त्यातला मुद्दा आधी मांडतो. तुम्ही हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथकडच्या शाळेत विज्ञान शिकवता. नववीतल्या एका पोरानं विचारलं, "मॅडम, नोबेलचे पैशे कोण देतंय? अन् इतके वर्षं वाटून संपले कामून नाहीत?" त्याच्या मागच्या बाकावरून लगेच दुसरा, "आपल्याकडं लायगो झाल्यावर नोबेल आपल्याला भेटंल का?" (लायगो म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणारं यंत्र, तसं एक तुमच्या औंढ्याजवळ व्हायचंय.) तिसरा प्रश्न तुमचा स्वतःचा. वडिलांच्या नावानं तालुक्यातल्या झेडपी शाळांच्या लेकरांसाठी विज्ञानाचं बक्षीस सुरू करायचंय. चौघा भावंडांनी मिळून पाच लाख काढलेत, ते कसे ठेवावेत?

मी भौतिकशास्त्राचा माणूस नाही. नांदेडात बसून पस्तीस वर्षं ट्रस्टचे आणि शिक्षण संस्थांचे हिशेब तपासतोय. स्मृती पुरस्कार, सुवर्णपदकं, व्याख्यानमाला यांच्या ठेवींच्या पावत्या जितक्या मी हाताळल्यात, तितक्या क्वचितच कुणी हाताळल्या असतील. त्यामुळे नोबेलकडे मी बघतो ते एका जुन्या ट्रस्टच्या खात्यासारखं. तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या एकाच खात्यात सापडतात.

आल्फ्रेड नोबेल 10 डिसेंबर 1896 ला इटलीत सान रेमोला वारला. मृत्युपत्र त्यानं आदल्या वर्षी, 27 नोव्हेंबर 1895 ला, पॅरिसमध्ये केलेलं. वकिलांवर विश्वास नव्हता म्हणून स्वतःच खरडलं, आणि ते जाणवतं. मालमत्ता विकून सुरक्षित रोख्यांत गुंतवा, दरवर्षी येणाऱ्या व्याजाचे पाच समान भाग करा, आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यक, साहित्य आणि शांतता यांत मानवजातीचं सर्वांत जास्त भलं करणाऱ्यांना द्या. एवढंच. पैसा सांभाळणारी संस्था कोणती? ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती. निवड करणाऱ्या संस्थांची नावं त्यानं लिहून ठेवली, पण त्यांना विचारलेलं नव्हतं. आपल्याकडे असा कागद धर्मादाय कार्यालयात नेला असता तर बाबूनं खिडकीतूनच परत दिला असता.

पुढे जे झालं ते आपल्याकडच्या कुठल्याही वाटणीच्या भांडणासारखंच. नातेवाईक कोर्टात गेले. स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर नाराज, कारण देशातला पैसा परदेशी माणसांना जाणार. रशियात तेलाचा धंदा सांभाळणारा पुतण्या इमॅन्युएल मात्र मृत्युपत्राच्या बाजूनं उभा राहिला. त्यात त्याचं नुकसानच होतं, राजाचं दडपणही होतं, तरी तो हटला नाही. मृत्युपत्र अमलात आणायला त्यात नेमलेल्या दोघांपैकी तरणा रागनार सोलमन, पंचविशी नुकती ओलांडलेला. फ्रान्स सरकारनं मालमत्तेवर हक्क सांगायच्या आत पॅरिसमधले रोखे बाहेर काढायचे होते. ते त्यानं बँकेतून काढून घोडागाडीत घातले आणि स्वतः पिस्तूल घेऊन शेजारी बसला. ट्रस्टचा विश्वस्त हातात पिस्तूल घेऊन ठेवींचं स्थलांतर करतोय, हे चित्र मला फार आवडतं. आमच्याकडचे विश्वस्त सहीला बोलावलं तरी येत नाहीत.

नातेवाइकांशी 1898 मध्ये तडजोड झाली. 29 जून 1900 ला नोबेल फाउंडेशनच्या नियमांना राजाची मंजुरी मिळाली, आणि पहिली बक्षिसं 1901 मध्ये दिली गेली. भौतिकशास्त्राचं क्ष-किरणांच्या रोन्टजेनला.

आता हिशेब. नोबेलनं मागे ठेवलेली रक्कम 3 कोटी 10 लाख क्रोनरच्या वर होती. क्रोनर हे स्वीडनचं चलन. पहिल्या वर्षी प्रत्येक बक्षीस 1,50,782 क्रोनरचं. पाच बक्षिसांचे मिळून झाले साडेसात लाख. मुद्दलाशी ताडून बघा, अडीच टक्केसुद्धा नाहीत. शिवाय मूळ नियमांतच अट होती की मुख्य निधीच्या उत्पन्नाचा एक दशांश भाग दरवर्षी मुद्दलात परत टाकायचा. तुमच्या नववीतल्या पोराला उत्तर इथेच द्या: वाटतात ते व्याजातलं, तेही सगळं नाही. विहिरीचा उपसा झऱ्यापेक्षा कमी ठेवला तर विहीर मेमध्येही आटत नाही, एवढं आपल्या भागातल्या लेकराला समजावून सांगावं लागत नाही.

पण इतकं सोपंही नव्हतं, आणि हा भाग सहसा कुणी सांगत नाही. "सुरक्षित रोखे" याचा अर्थ सुरुवातीच्या विश्वस्तांनी अगदी सोवळ्यानं लावला: सरकारी कर्जरोखे आणि तारणावरची कर्जं. शेअरला हात लावायचा नाही. त्यात पहिलं महायुद्ध आलं, महागाई आली, आणि करही भरावा लागायचा. 1923 मध्ये बक्षीस 1,14,935 क्रोनरवर घसरलं, आजवरचं सर्वांत कमी. मुद्दल कागदावर शाबूत, पण त्याची खरेदीची ताकद आटत चाललेली. शेवटी 1946 मध्ये स्वीडननं करमाफी दिली. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला शेअरमध्ये पैसे घालायची मुभा मिळाली. तरी 1901 च्या बक्षिसाची खरी किंमत परत गाठायला 1991 उजाडलं. नव्वद वर्षं लागली!

त्यानंतर 2001 मध्ये बक्षीस 1 कोटी क्रोनरवर गेलं. मग 2008 ची मंदी आली, आणि खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होतोय असं लक्षात आल्यावर 2012 मध्ये फाउंडेशननं बक्षीस सरळ 80 लाखांवर आणलं. जगभर बातम्या झाल्या, नाकं मुरडली गेली. माझ्या मते तो त्यांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. आपल्याकडे बक्षिसाची रक्कम कमी करायची म्हटलं की देणगीदाराच्या घरच्यांना अपमान वाटतो, आणि मग गुपचूप मुद्दल मोडलं जातं. 2017 मध्ये बक्षीस 90 लाख झालं, 2020 मध्ये पुन्हा 1 कोटी, आणि 2023 पासून 1 कोटी 10 लाख क्रोनर, म्हणजे आपले दहा कोटींच्या आसपास. फाउंडेशनचा निधी आज 600 कोटी क्रोनरच्या वर आहे. पाच बक्षिसांचे साडेपाच कोटी म्हणजे त्याचा एक टक्काही नाही. उरलेलं उत्पन्न निवड समित्यांचा खर्च, समारंभ, कार्यालय यांत जातं आणि मुद्दल वाढवायला लागतं.

वर्गात कुणी म्हणेल की बक्षिसं तर सहा असतात. सहावं अर्थशास्त्राचं, ते नोबेलच्या मृत्युपत्रात नाही. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेनं 1968 मध्ये स्वतःच्या तीनशेव्या वर्षानिमित्त ते सुरू केलं, आणि त्याचे पैसे बँकच देते. 1 कोटी 10 लाखांची रक्कम तीच, खातं वेगळं.

आता निवड. इथे मला सर्वांत जास्त भावलेली गोष्ट अशी की पैसा सांभाळणारे आणि निवड करणारे पूर्ण वेगळे आहेत. फाउंडेशन फक्त तिजोरी बघतं. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची निवड रॉयल स्वीडिश अकॅडमी ऑफ सायन्सेस करते, वैद्यकाची कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधली पन्नास प्राध्यापकांची सभा, साहित्याची स्वीडिश अकादमी. शांततेचं पारितोषिक तर देशच वेगळा, नॉर्वेच्या संसदेनं निवडलेली पाच जणांची समिती ते ठरवते. तिजोरीवाल्याला निवडीत मत नाही आणि निवडणाऱ्याला तिजोरीची किल्ली नाही.

अर्ज मागवत नाहीत. स्वतःचं नाव सुचवलं की ते बादच. आदल्या सप्टेंबरात भौतिकशास्त्रासाठी सुमारे 3,000 लोकांना गोपनीय पत्रं जातात: आधीचे विजेते, अकॅडमीचे सदस्य, उत्तर युरोपातले प्राध्यापक, जगभरातल्या निवडक विद्यापीठांतले लोक. 31 जानेवारीपर्यंत नावं पोचली पाहिजेत. मग समिती चाळणी लावते, बाहेरच्या तज्ज्ञांकडून अहवाल मागवते, उन्हाळाभर ते वाचते. ऑक्टोबरात अकॅडमी मतदान करते आणि त्याच दिवशी निकाल जाहीर होतो. अपील नाही. कुणी कुणाचं नाव सुचवलं, काय चर्चा झाली, हे पन्नास वर्षं कुलपात. दरवर्षी पेपरात "अमक्या भारतीयाला नोबेलचं नामांकन" अशी बातमी येते ना, ती वाचून पुढचं पान उलटायचं. खरं नामांकन झालेलं असेल तर ते पन्नास वर्षं कळत नाही, आणि कळलं असेल तर कुणीतरी नियम मोडलाय.

जुनी कुलपं उघडल्यावर मात्र हळहळायला होतं. सत्येंद्रनाथ बोस यांचं नाव 1950 च्या दशकात सुचवलं गेलं होतं. समितीच्या तज्ज्ञानं त्यांचं काम त्या तोलाचं नाही असं ठरवलं. ज्यांच्या नावावरून मूलकणांच्या दोन कुळांपैकी एक 'बोसॉन' म्हणून ओळखलं जातं, त्यांच्याबद्दलचा हा शेरा. अणूचं विखंडन उलगडणाऱ्या लिझे माइटनरचं नाव तर जवळजवळ पन्नास वेळा गेलं, एकदाही मिळालं नाही. चंद्रशेखर यांना 1983 मध्ये मिळालं, पण विझत आलेल्या ताऱ्यांच्या (श्वेत बटूंच्या) वजनाची मर्यादा त्यांनी मांडली ती विशीच्या आसपास असताना, 1930 च्या सुमाराला. मृत्युपत्रात "गेल्या वर्षभरातलं काम" असं लिहिलेलं आहे. नियमांनी त्याला पळवाट काढली: काम जुनं असलं तरी त्याचं महत्त्व आत्ता सिद्ध झालं असेल तर चालतं.

आता मागच्या बाकावरच्या पोराचा प्रश्न. उत्तर त्याला आवडणार नाही, पण गोष्ट आवडेल.

लायगो म्हणजे चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात. त्यांतून लेझरचा किरण धावतो, आणि गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशातच उठलेला तरंग, आली की नळीची लांबी प्रोटॉनच्या रुंदीच्याही बारीकशा अंशाइतकीच बदलते. तेवढं मोजायचं. अमेरिकेतल्या दोन लायगोंनी 14 सप्टेंबर 2015 ला पहिली लहर पकडली. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, सव्वाशे कोटीहून जास्त प्रकाशवर्षं दूर. पाच महिने ताळा करून 11 फेब्रुवारी 2016 ला जाहीर केलं. तारीख बघा: नोबेलची मुदत 31 जानेवारीला संपलेली. अकरा दिवसांनी हुकलं आणि सगळं एका वर्षानं पुढं गेलं.

त्या एका वर्षात काय झालं? लायगोच्या पायाभरणीतल्या तिघांपैकी रोनाल्ड ड्रेव्हर मार्च 2017 मध्ये वारले. नोबेल मेलेल्या माणसाला देत नाहीत. ऑक्टोबरात राय वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना मिळालं. वाइसना अर्धं, उरलेल्या दोघांना पाव-पाव. म्हणजे 90 लाखांतले 45 लाख एकाला आणि साडेबावीस लाख इतर दोघांना. तिघांपेक्षा जास्त नावं एका बक्षिसात बसत नाहीत, हा नियम आहे. आणि मूळ शोधनिबंधावर नावं किती? हजाराच्या वर! त्यांत भारतातलेही होते. लहर आवाजाच्या गर्दीतून वेगळी कशी ओळखायची, याच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर यांनी 1990 च्या दशकापासून काम केलं, ते या शोधाच्या पायात आहे. स्टॉकहोमच्या व्यासपीठावर ते नाव नव्हतं.

याच शोधाला 'ब्रेकथ्रू' नावाच्या दुसऱ्या पुरस्काराचं खास पारितोषिकही मिळालं, ते 2016 मध्येच. उद्योजकांच्या पैशावर चालणारा हा पुरस्कार, रक्कम 30 लाख डॉलर. त्यांनी 10 लाख ड्रेव्हर, थॉर्न आणि वाइस या तिघांना दिले, आणि उरलेले 20 लाख 1,012 जणांत सारखे वाटले. प्रत्येकाला दोन हजार डॉलरही पूर्ण आले नाहीत, पण नाव आलं. वर्गात मुलांना मत द्यायला लावा: कुठली पद्धत बरोबर? मला तरी ठरवता आलेलं नाही.

लायगो-इंडियाला एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 2,600 कोटींची मंजुरी दिली, आणि जागा तुमच्या औंढ्याजवळचीच. तिथून मोठा शोध लागलाच तर नोबेल 'हिंगोलीला' मिळत नसतं. विज्ञानात ते माणसाला मिळतं, तेही जास्तीत जास्त तिघांना. त्या तिघांत यायचं असेल तर नळ्या जोडणाऱ्यांत नाव असून भागत नाही, पहिली कल्पना किंवा पहिलं गणित आपलं असावं लागतं. पोराला सांगा, अजून वेळ आहे. वाइसनी या यंत्राचा पहिला आराखडा मांडला तो 1972 मध्ये, आणि बक्षीस घेतलं तेव्हा वय पंच्याऐंशी.

आता तुमच्या पाच लाखांकडे येतो. आधी एक अनुभव.

1990 च्या सुमाराला एका गृहस्थानं एका कॉलेजला दहा हजार रुपये दिले. विद्यापीठात विज्ञानात पहिल्या येणाऱ्या मुलीला बायकोच्या नावानं सुवर्णपदक. कॉलेजचं नाव सांगत नाही. तेव्हा दहा टक्के व्याज, वर्षाला हजार रुपये. सोनं तोळ्याला बत्तीसशेच्या आसपास, म्हणजे तीन ग्रॅमचं खरं पदक व्हायचं. मुद्दल तेच राहिलं, व्याज सातवर आलं, वर्षाला सातशे. सातशेत सोन्याचा कणही येत नाही. मग आधी चांदीवर मुलामा, मग पितळेवर मुलामा. काही वर्षांपूर्वी मी हिशेब तपासायला गेलो तेव्हा कपाटात मखमली डब्यात त्या वर्षीचं पदक होतं. अंगठा घासला तर कडेला तांबूस पितळ दिसलं. निमंत्रणपत्रिकेवर अजून 'सुवर्णपदक'च. मुद्दलाला कुणी हात लावलेला नव्हता, घोटाळा नव्हता, हिशेब चोख होता. 1923 चं नोबेल जसं आटलं तसंच हे आटलं, फक्त याचं 1991 कधी आलं नाही.

तुमचं आकडेमोडीत बघू. पाच लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला 35,000. नोंदणीकृत ट्रस्टला आयकरात सूट टिकवायची तर उत्पन्नाचे 85 टक्के त्याच कामावर खर्च दाखवावे लागतात, 15 टक्के बाजूला ठेवता येतात. म्हणजे 5,250 रुपये मुद्दलात टाकता येतील. नोबेलच्या दशांशापेक्षा जास्त, पण पाच लाखांच्या मानानं एकच टक्का. महागाई एक टक्क्यावर थांबत नाही. म्हणून माझं ऐकाल तर वडिलांच्या पुण्यतिथीला चौघांनी दरवर्षी पाच-पाच हजार घालायचे, सोबत "ही रक्कम कायम निधीसाठी" असं लेखी पत्र जोडून. पत्र नसेल तर ती साधी देणगी धरली जाते आणि खर्चात जाते. तसं केलंत तर वर्षाला 25,250 मुद्दलात, म्हणजे पाच टक्क्यांची वाढ. उरलेल्या 29,750 मध्ये 21,000 चं बक्षीस द्या, बाकी परीक्षकांचा प्रवास, पुस्तकं, सभागृह. हारतुरे आणि जेवणावळ यात धरू नका, ती तुमच्या घरातून करा.

पैसे ज्या ट्रस्टकडे ठेवाल त्याचा एकही विश्वस्त निवड समितीत नको, आणि तुम्ही चौघांपैकीही कुणी नको. मी एका बैठकीत बसलेलो आहे जिथं देणगीदाराचा पुतण्याच तीन वर्षांतून दोनदा 'सर्वोत्कृष्ट' ठरला. अर्ज तर अजिबात मागवू नका. अर्ज मागवले की लेकरांचे प्रयोग येत नाहीत, पालकांच्या फायली येतात, लॅमिनेशन केलेल्या. केंद्रप्रमुखांना आणि शाळांना पत्र लिहून नावं मागवा, आपल्या घरचं नाव सुचवायचं नाही ही अट घाला, आणि परीक्षक वसमत किंवा जिंतूरकडून बोलवा. लायकीचं कुणी नसेल तर त्या वर्षी बक्षीस नाही, रक्कम पुढच्या वर्षी, हेही लिहून ठेवा. नोबेलवाले असं करतात. आइनस्टाइनचं 1921 चं बक्षीस त्यांना 1922 मध्ये मिळालं, कारण 1921 मध्ये समितीला कुणीच पटलं नव्हतं.

नावांची मुदत 31 जानेवारी ठेवा आणि निकाल 28 फेब्रुवारीला, विज्ञानदिनी. शाळांच्या वार्षिक परीक्षा त्यानंतर लागतात, त्यामुळे शिक्षक मोकळे सापडतात. आणि चेक फाडायच्या आधी देणगीपत्राचा मसुदा तेवढा मला दाखवा. दोन पानांचा असेल तर एक पान मी कमी करीन.